डाव्या कानातलं पाणी

कान नेमका कोणत्या दिवशी भरला, हे बिरू मेस्त्रीला कधीच सांगता आलं नाही.

यात गंमत अशी की दुसऱ्याच्या विहिरीवरची मोटार कधीपासून बिघडलीय, हे तो वार-तारखेसकट सांगायचा. शेतकरी म्हणायचा, "मेस्त्री, काल सांजंपातूर तर बरी हुती." बिरू तळहातावरची तंबाखू मळत म्हणायचा, "काल न्हाय पावनं. म्हैनाभर वरडतीया ती. तुमी ऐकलं न्हाय." समोरचा खजील व्हायचा आणि सगळी विहीर हसायची. आणि असं म्हणणारा हा गडी स्वतःचा डावा कान चार महिने बिघडवून घेऊन फिरत होता, वर तो कान पहिल्यापेक्षा तेज झालाय असं गावभर सांगत होता.

बिरूचं घराणं पिंपळीचं, मूळचं मेंढरांमागं फिरणारं. बाप आप्पा दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाळा तोंडावर आला की परत माळावर यायचा. बिरूचं बालपण निम्मं घाटाच्या वाटेवर गेलं आणि शाळा चौथीत सुटली. पण एक विद्या त्याला तिथंच लागली. अडीचशे मेंढरं एकदम बें-बें करायला लागली की त्यातलं कोणतं कोकरू कोणत्या मेंढीला हाक मारतंय, हे तो झोळीत पडल्या पडल्या सांगायचा. पुढं कालव्याचं पाणी फिरलं, माळाचा ऊस झाला, मेंढरू उसात शिरलं की भांडणं व्हायला लागली. आप्पानं कळप मोडला आणि जमीन कसायला घेतली. बिरू बारामतीत एका रिवाइंडिंगच्या दुकानात तार गुंडाळायला लागला.

तिथं दोन वर्षांत सगळ्यांना कळलं की या पोराला मीटर लागत नाही. चालू मोटारीच्या अंगाला तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मुठीचा बुडखा डाव्या कानामागच्या हाडावर दाबायचा आणि डोळे मिटायचा. उजवा हात स्टार्टरवर. आजूबाजूला कितीही कालवा असू दे, बेअरिंग घरघरतंय की पंखा घासतोय की पाण्यासोबत वाळू येतीय, हे सगळं त्या लोखंडातून हाडात उतरायचं. विहिरीच्या काठावर उभे असलेले लोक तेवढा वेळ खोकायचेही नाहीत. कीर्तनात जेवढी शांतता राहत नाही तेवढी बिरूच्या स्क्रू ड्रायव्हरपुढं राहायची. पिंपळीपासून जळोचीपर्यंत, आणि तिकडं इंदापूर तालुक्यात पार डाळजपर्यंत, लोक त्याला बोलवायचे ते त्या कानासाठी. हात दुसऱ्या मेस्त्रींनाही होते.

पंचाण्णव सालच्या डिसेंबरात त्याला सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना डाव्या कानात काहीतरी ठेवून गेली. आपलंच बोलणं आपल्याला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं. घोट गिळला की आत बारीक 'पुट' व्हायचं. गावातल्या डॉक्टरनं सर्दी कानात उतरलीय म्हणून गोळ्या दिल्या. त्यानं काही झालं नाही. मग सगळ्या पिंपळीनं मिळून निदान केलं की मेस्त्री रोज विहिरीत उतरतो, तर कानात विहिरीचं पाणी गेलं असणार. झालं. पोहून आलेल्या पोरांसारखा बेचाळीस वर्षांचा बाप्या उन्हात तापलेला दगड कानाला लावून एका पायावर उड्या मारायला लागला. पाणी आलं नाही. सारजानं लसूण घालून कढवलेलं तेल सोडलं, तर तेल तेवढं परत आलं.

बाजाराच्या दिवशी बारामतीत तो कान साफ करणाऱ्यापुढंही बसला. त्या माणसानं सळई फिरवली, फुंकर घातली आणि वाटाण्याएवढा काळा गोळा काढून तळहातावर दाखवला. तो गोळा बिरूचाच होता की सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच दाखवला जात होता, देव जाणे. "आता बघा कशी घंटी वाजतीय ती," तो म्हणाला. घंटी वाजली नाही.

पण बिरूला तशी काळजी वाटत नव्हती. त्याचं कारण त्याच्या हातात होतं. कान खरोखर गेलाय का, हे त्यानं आपल्या पद्धतीनं पारखलं होतं. घरामागची मोटार चालू केली, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मुठीचा बुडखा आधी उजव्या कानामागं दाबला आणि मग डाव्या. डावीकडं आवाज दुप्पट. पुन्हा केलं, पुन्हा दुप्पट.

"अगं सारजे," तो आत येऊन म्हणाला, "कानाला काय बी झालं न्हाय. उलट डावा लई तेज झालाय. मोटार अशी ऐकू येती, जशी डोक्यात बसवलीया."

"डोक्यात काय तरी बसलंय, ते दिसतंयच," सारजा म्हणाली.

त्यानंतर सगळ्या तालुक्यातल्या मोटारी आजारी पडायला लागल्या. बिरू स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा आणि त्याच्या कपाळाला आठी पडायची. जिथं कुरकुर ऐकू यायची तिथं आता घरघर यायची, जिथं घरघर तिथं गर्जना. "बेअरिंग गेलं," तो म्हणायचा. मोटार खोलायची, बेअरिंग काढायचं, बोटांवर फिरवायचं. बेअरिंग लोण्यासारखं फिरायचं. दोन-तीनदा असं झालं तेव्हा तो चक्रावला. पण इतक्या लोकांसमोर गेलंय म्हणून सांगितलेलं बेअरिंग परत बसवायचं कसं? गुपचूप नवं घातलं. फेब्रुवारीत तो डाळजला साखरबाईच्या मोटारीवर गेला. साखरबाई एकटी बाई, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर मोटार टाकून चार एकर बागायत पिकवणारी. तिची जीभ तिच्या विळ्यापेक्षा धारदार. बिरूनं मोटार खोलली आणि तिनं तेच बेअरिंग उचलून आपल्या बोटात फिरवलं.

"मेस्त्री, ह्याला काय झालंय?"

"आतून गेलंय."

"आतून? माज्या सासूवानी? ती बी वरनं धडधाकट दिसायची." तिनं बेअरिंग त्याच्या पुढ्यात ठेवलं. "हेच घाला परत. आन तुमचं कायतरी आतून गेलंय का, तेवढं बघून घ्या."

लोक हसले, बिरूही हसला. पण त्या दिवशी मोटारसायकलवरून परत येताना त्याला वाटलं, साखरबाई जे बोलली ते आपल्याला एकाच बाजूनं ऐकू आलं.

सारजाच्या मनात पाल आधीच चुकचुकली होती. सकाळी तो तोंड धुवायचा त्या दगडावर खाकरलेल्यात लालसर दोरा दिसायचा. विचारलं की "तंबाखू हाय," म्हणायचा. तंबाखूचा रंग सारजाला चांगला ठाऊक होता, वीस वर्षं तीच तो दगड धुवत होती. रात्रंदिवस त्याची डावी नाकपुडी चोंदलेली असायची. एक दिवस भाकरी थापता थापता तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. तो पाटावर बसला होता, डावा कान तिच्याकडं. ती हळूच, भाकरीला सांगावं तशी म्हणाली, "तुमची मोटारसायकल मी भंगारवाल्याला दिली."

बिरू कोरड्यास भुरकत राहिला.

"अवो, भंगारवाल्याला दिली."

काही नाही. मोटारसायकलवर धूळ बसली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस शांतपणे कांदा फोडत होता. सारजाला आधी हसू आलं. मग भाकरी तव्यावर करपली तरी ती उलटायची राहिली.

ती म्हणाली डॉक्टरकडं चला. तो म्हणाला उसाला पानी भरायचा हंगाम हाय. असं मार्च संपेपर्यंत चाललं.

एप्रिलमध्ये जळोचीच्या एका विहिरीत तो खाली गाळ्यावर, विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर, उभा होता आणि वर त्याचा मेहुणा सिद्धू चेनपुलीनं पाईप ओढत होता. पाईपाच्या बुडाला फूटवॉल्व्ह, म्हणजे पाणी आत घेणारी जाळीची झडप. सगळा तालुका त्याला फुटबॉल म्हणतो, आणि तो शेवाळानं गच्च भरून बैलाच्या डोक्याएवढा झाला होता. दुपारचं बारा-एकचं ऊन सरळ तळापर्यंत आलेलं. साखळीचा एक वेढा घसरला. सिद्धू वरून ओरडला, "मेस्त्री, सरका! सरका!" जळोचीच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला तो. काठावरच्या दोघांनी ओरडून पाहिलं. उजव्या कानाशी पाणी उपसणारं इंजिन धडधडत होतं, आणि बिरू डावा कान त्यांच्याकडं करून, मान खाली घालून, नट पिळत राहिला. पाईप झुलत आला आणि खांद्याला असा लागला की मेस्त्री गाळ्यावरून पाण्यातच गेला. पाईप वीतभर उजवीकडून आला असता तर डोक्यात बसला असता.

वर काढल्यावर सिद्धू त्याच्या पुढ्यात येऊन बसला. "दाजी, किती वरडलो! बहिरं झालात का काय?"

बिरूनं खांदा दाबत विचारलं, "कवा वरडलास?"

ते ऐकून काठावर कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सारजा त्याला बारामतीला घेऊन गेली. कान-नाक-घशाचे डॉक्टर रमाकांत सोमण तिथं बरीच वर्षं दवाखाना चालवत होते. माणूस मितभाषी, पेशंटपेक्षा पेशंटच्या कानाशी जास्त बोलणारा. त्यांनी कपाळावरचा आरसा खाली ओढला, दिव्याचा झोत कानात सोडला, उजवा पाहिला, डावा पाहिला, परत उजवा पाहिला. मग रबरी फुगा लावलेलं एक भिंग डाव्या कानात घट्ट बसवून फुगा दाबला, सोडला, दाबला.

"हलत नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

"काय हलत न्हाय?" बिरू.

"पडदा. हवा दाबली की कानाचा पडदा आत-बाहेर हलायला हवा. उजवा हलतोय. डावा भिंतीसारखा बसलाय." मग म्हणाले, "पाणी आहे."

बिरूनं सारजाकडं पाहिलं. "म्हनलं न्हवतं? हिरीचं पानी."

"विहिरीचं नाही. पडदा धडधाकट आहे, कुठं भोक नाही. बाहेरून थेंब आत जाणार नाही. हे पाणी पडद्याच्या मागं आहे. पडदा मोत्यासारखा दिसायला पाहिजे, तुमचा मधासारखा पिवळट झालाय. मागं पाण्याची रेघ दिसतीय, दोन बुडबुडेही आहेत."

बुडबुडे म्हटल्यावर बिरू जरा सावरून बसला. पाण्यात बुडबुडे म्हणजे कुठंतरी हवेची गडबड, एवढं त्याला कळत होतं. पण त्याचा हुकमी एक्का अजून शिल्लक होता. "डॉक्टर, पानी असंल. पर कान चांगला हाय. मी सोता तपासलाय." आणि त्यानं स्क्रू ड्रायव्हरची सगळी हकीकत सांगितली.

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. ड्रॉवरमधून त्यांनी दोन पायांचा एक लोखंडी काटा काढला, कोपरावर आपटला, आणि तो गुणगुणत असताना त्याची दांडी बिरूच्या कपाळाच्या बरोबर मधोमध टेकवली. "आवाज कुठं येतोय?"

"डावीकडं!" बिरू जिंकल्यासारखा म्हणाला. "सगळा डावीकडं. बघा!"

"म्हणजे डावा बिघडलाय."

बिरूचा हात कानामागच्या हाडाकडं गेला.

"हाडातून येणारा आवाज भरलेल्या कानाला मोठा वाटतो," डॉक्टर म्हणाले. "बाहेरचा आवाज आत पोचत नाही, त्यामुळं हाडातला तेवढा घुमतो. उजव्या कानात बोट घाला. गच्च." त्यांनी काटा परत कपाळाला टेकवला. बिरूला कळलं, आवाज डावीकडून निघाला आणि हळूच मधे येऊन उभा राहिला. त्यानं बोट काढलं, आवाज परत डावीकडं पळाला. घातलं, मधे आला. लहान पोरासारखं त्यानं चार-पाच वेळा केलं. डॉक्टरांनी करू दिलं.

बोट कानात असतानाच त्याला साखरबाईच्या हातातलं बेअरिंग दिसलं. मग त्याच्या आधीची सगळी. लोण्यासारखी फिरणारी. ज्याच्या जिवावर तो चार महिने मोटारींना आजारी ठरवत होता, तो कान पाण्यात बुडालेला होता. बिरू मेस्त्रीचं तोंड उतरलं.

"हे पाणी आलं कुठून मग?" सारजानं विचारलं. ती इतका वेळ दाराशी उभी होती.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. पडद्यामागं हवेची एक इवलीशी खोली. त्या खोलीतून एक नळी निघते आणि नाकाच्या मागं, घशाच्या वर उघडते. गिळलं की नळीचं तोंड उघडतं, हवा आत जाते. नळी चोंदली की आतली हवा संपते आणि खोलीच्या भिंतीतून पाणी पाझरतं. "लहान मुलांना नेहमी होतं. मोठ्यांना सर्दीनंतर होतं, पण काही आठवड्यांत उतरतं. तुमचं चार महिने झाले. आणि एकाच बाजूला."

ते तिथं थांबले. पुढचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं, किंवा इतक्यात बोलायचं नव्हतं.

बिरू चित्राकडं बघत होता. असं चित्र तो जमिनीवर काडीनं रोज काढायचा. वर पंप, खाली पाईप, बुडाशी फुटबॉल. पाणी येईना म्हणून अडाणी माणूस पंप बदलतो. जाणता माणूस पंपाला हात लावत नाही, खाली उतरतो.

"डॉक्टर," तो हळू म्हणाला, "नळी चोंदली म्हनता. कशानं चोंदली?"

सोमण डॉक्टरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "तेच बघायचंय," ते म्हणाले.

स्पिरिटच्या दिव्यावर त्यांनी लांब दांडीचा, रुपयापेक्षाही लहान आरसा गरम केला, आपल्या मनगटावर टेकवून पाहिला आणि बिरूला तोंड उघडायला लावून पडजिभेच्या मागं सरकवला. बिरूला उमासे आले. दुसऱ्यांदाही आले. तिसऱ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं धीर धरला. आरसा आत राहिला. डॉक्टरांनी श्वास रोखल्याचं त्याला उजव्या कानानं स्पष्ट ऐकू आलं.

आरसा बाहेर आला. त्याच्या कडेला लाल रेघ होती. डॉक्टरांनी ती कापसानं पुसली आणि कापूस बादलीत न टाकता हातातच ठेवला.

"सकाळी थुंकीतून रक्त येतं?"

"तंबाखूचं..." बिरू म्हणेपर्यंत सारजा म्हणाली, "व्हय. येतं. संक्रांतीपास्नं."

डॉक्टर उठून बिरूच्या मागं गेले आणि दोन्ही हातांनी त्यांनी त्याची मान चाचपली. डाव्या जबड्याखाली, कानाच्या पाळीपासून दोन बोटांवर, त्यांची बोटं थांबली. "ही गाठ कधीपासून आहे?"

"कोणची गाठ?" बिरू म्हणाला.

पुढचं डॉक्टर हळू आणि सावकाश बोलले. नळीच्या तोंडाशी मांस वाढल्यासारखं दिसतंय. काय आहे ते तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तो तुकडा पुण्यात काढतील, ते चिठ्ठी देतील. उद्या-परवा जा, पुढच्या महिन्यात नको.

बिरूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते बघू पुढं. तुमी आधी पानी काढा. निघतं का?"

"निघतं. पडद्याला बारीक चीर द्यायची, ओढून घ्यायचं."

"कवा ऐकू येईल?"

"लगेच."

"मग काढा की! हितंच काढा."

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"का?"

"आज काढलं तर तुम्ही इथून ऐकत बाहेर जाल, आणि पुण्याला जाणार नाही."

बिरू भडकला. चांगल्या दवाखान्यात माणसं ज्या आवाजात बोलत नाहीत त्या आवाजात त्यानं विचारलं, कान कुनाचा हाय? डॉक्टरांनी वाद घातला नाही. चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि बिरूच्या नव्हे, सारजाच्या हातात दिली. ते बघून त्याला आणखी राग आला.

एसटी स्टँडवर तो तणतणत होता. इंदापूरला दुसरा डॉक्टर बघू. पानी काढून देनारा कुनी बी भेटंल. त्या सोमणला काय जातंय. सारजा बाकड्यावर चिठ्ठी धरून बसली होती. पिंपळीची गाडी आली, लागली, भरली.

"चल," बिरू म्हणाला.

"तुमी व्हा फुडं. मला पुन्याची गाडी कुठं लागती ते बघायचंय."

"एकटी जानार हायस काय पुन्याला? तुजा तुकडा काढत्यात व्हय?"

"माजाच काढतील," सारजा म्हणाली. आणि ती दुसरीकडं बघायला लागली.

बिरू तिच्याशेजारी बसला. पिंपळीची गाडी गेली. बऱ्याच वेळानं, कुणी बघत नाही असं पाहून, त्यानं डाव्या जबड्याखाली बोटं घातली. गाठ सापडायला वेळ लागला नाही. सुपारीएवढी असेल. त्यानं ती दोन बोटांत धरली आणि नटबोल्टाशी, बेअरिंगशी, आयुष्यभर जे केलं ते केलं. हलवून पाहिली. वर-खाली. मग आडवी. त्या बोटांना केसभर खेळही कळायचा.

गाठ हलत नव्हती.

"सारजे," तो म्हणाला, "पुन्याची गाडी त्या कडंला लागती. तिसऱ्या फलाटाला."

पुण्यात तुकडा काढला. आठ दिवसांनी अहवाल आला, तो वाईट होता. तिथले डॉक्टर तरुण होते, भराभर बोलायचे. गाठ वाईट आहे पण या जातीची गाठ किरणांना ऐकते, असं त्यांनी सांगितलं. पस्तीस शेक द्यायचे. आठवड्याचे पाच, सात आठवडे. तोंड कोरडं पडेल, गिळता येणार नाही, चव जाईल. बरं होईल का, तर आशा आहे, खात्री कुणी देणार नाही.

"आन कान?" बिरूनं विचारलं.

"डाव्याचं सांगता येत नाही. जाईलही. पाण्याचं नंतर बघू, आता त्याला हात लावत नाही."

बिरूनं मान हलवली. घासाघीस त्यानं एकदाच केली. म्हणाला, एवढा उसाच्या पाण्याचा हंगाम जाऊ द्या, लोकांच्या मोटारी अडत्यात. डॉक्टर म्हणाले, सोमवार. सारजा म्हणाली, सोमवार.

शनिवारी त्याला यंत्राखाली निजवून दोघांनी पट्टीनं मापं घेतली, आणि गालापासून मानेपर्यंत जांभळ्या शाईनं चौकट आखली. मधोमध फुली. किरणं रोज याच जागी पडली पाहिजेत, म्हणून सात आठवडे ही शाई पुसायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही, असं बजावलं.

रविवारी तो ती चौकट घेऊन पिंपळीत आला. लोकांना काय झालंय ते कळलं होतं, पण बोलायचं काय हे कळलं नव्हतं. सिद्धूनं आपल्या परीनं वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "दाजी, पुन्याला गेला आन शिक्का मारून घेतला? मेंढराला मारत्यात तसा!" बोलून गेल्यावर त्यालाच कळलं की आपण काय बोललो.

आप्पा सोप्यात घोंगडीवर बसला होता. वय पंच्याहत्तर. मेंढरं विकून वीस वर्षं झाली तरी माणसाकडं बघताना आधी पाय बघायचा, लंगडतंय का म्हणून. त्यानं बिरूला जवळ बोलवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि चौकट बराच वेळ बघितली.

"खुना दोन जातीच्या असत्यात," आप्पा म्हणाला. "एक राखायच्या जित्राबाला करत्यात. एक खाटकाला द्यायच्या. ही कंची?"

सारजा पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"डॉक्टर म्हनत्यात राखायची," बिरू म्हणाला.

"म्हनत्यात?"

"म्हनत्यात."

आप्पानं हनुवटी सोडली. "मग पुसू देऊ नगं."

त्या दिवशी बिरूला आंघोळ आप्पानं घातली. सारजा पुढं झाली तर तिला हातानं बाजूला केलं. परसदारच्या फरशीवर त्यानं बेचाळीस वर्षांच्या लेकाला बसवलं, जुन्या धोतराची पट्टी फाडून मानेच्या खाली दोनदा घट्ट गुंडाळली, म्हणजे वरून ओघळ आला तरी तिथंच जिरावा. मग तांब्या आधी उजव्या खांद्यावर, मग पाठीवर, थोडं थोडं. म्हाताऱ्याचा हात कापत होता, त्यामुळं पाणी भलतीकडंच सांडायचं, आणि सांडलं की तो थांबून शाईकडं बघायचा.

"लागलं का रं तितं?" तो दर वेळेला विचारायचा.

आप्पा त्याच्या डाव्या बाजूला बसला होता आणि पुटपुटत बोलत होता. बिरूला काही ऐकू येत नव्हतं. आप्पाचे ओठ हलायचे थांबले की बिरू मान हलवून न्हाय म्हणायचा.